पांढऱ्यावर पांढरं

आमच्या घरात आमच्या नावाचं एकही भांडं नव्हतं. बाबा आर्वीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं टाकत. स्टूल, पायाशी लाकडी खोकं आणि हातात विजेवर चालणारी ती सुईची मशीन. सुई स्टीलला टेकली की दाढेत कळ जाईल असा आवाज निघायचा आणि त्या आवाजातून ‘चि. रेखा हिला मामाकडून सप्रेम भेट’ अशी अक्षरं सरसर उतरायची. लग्न मोडलं, गिऱ्हाईक नाव टाकून घेऊन परत आलंच नाही, देणाऱ्याचं आडनाव चुकीचं सांगितलं गेलं, अशी भांडी दुकानदाराला नको व्हायची आणि ती आमच्या घरी यायची. त्यामुळे मी जेवायची कुणा रेखाच्या ताटात, भाजी असायची शेगावकर परिवाराच्या वाटीत आणि पाणी प्यायची ‘कै. गोदाबाई यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेल्या ग्लासातून. गोदाबाईंच्या तेरवीला वाटायचे म्हणून ते ग्लास केले होते, पुढे त्यांच्या मुलांत भांडण झालं आणि अख्खा डझन आमच्याकडे आला. ‘मले गोदाबाईत चहा नको, चटका बसते,’ असं मी म्हणायची, आणि आईही हसून रेखात ओतून द्यायची. मेलेल्या बाईच्या नावातून पाणी पिताना काही वाटायला हवं, हे मला बाहेरची माणसं घरी आल्यावरच कळायचं. पाहुणे ग्लास उचलत, वाचत आणि हळूच खाली ठेवत.

नाव टाकण्याआधी बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचे. “आहेत, का गेले?” लग्नाच्या भांड्यांनाही विचारायचे. नवरीचा बाप कधी कधी चिडायचा, “भाऊ, लग्न हाय माह्या पोरीचं, काय इचारून राह्यले?” तरी बाबा उत्तराशिवाय सुई टेकवत नसत. असलेल्याला चि., श्री., सौ. गेलेल्याला कै. आमच्या बौद्धांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात, मुसलमान गिऱ्हाईक मरहूम सांगतं, ते सगळं त्यांना पाठ होतं. जिवंत माणसाच्या नावाला चुकून कै. लागलं तर त्या घरात काय होतं याच्या गोष्टी बाजारात पुष्कळ होत्या. बाबा त्यांना हसत. अंगारे-धुपारे, नवस, करणी हे सगळं आमच्या घरातून माझ्या जन्माआधीच गेलं होतं. पण प्रश्न विचारणं त्यांनी सोडलं नाही. “हे मानणं नाई, छाया,” ते मला म्हणायचे, “हा धंदा आहे. माणूस आपल्या हाती नाव देते. ते नीट परत द्या लागते.”

आम्ही रोहण्याला राहायचो. घराच्या मागे शेताची एक पट्टी सोडली की पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीचा बांध होता. मी अगदी लहान असतानाच गाडी बंद झाली होती. रूळ मात्र गवतात होते, आणि दुपारच्या उन्हात ते तापून ‘टक्, टक्’ असे वाजायचे. लोखंड तापलं की फुगतं, हे मला पुढे शाळेत कळलं. तोवर मला वाटायचं की दूरवर गाडी निघाली आहे आणि ती कधीच पोचत नाही. शेजारची बकरी त्या बांधापर्यंत चरत जायची आणि थांबायची. पलीकडे गवत जास्त हिरवं होतं. आई अंबाडीची भाजी खुडताना कधी कधी मान वर करून बांधाकडे बघायची आणि मग पुन्हा खाली. मी विचारलं, काय गं? तर म्हणायची, “काई नाई. कोणी गेल्यावानी वाटलं.” आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळे ती ते फार हळू बोलायची.

मी आर्वीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. आमच्या घरात, किंबहुना आमच्या साऱ्या गणगोतात, पदवी घेणारी मी पहिली. पदवीदानाचा झगा भाड्याने मिळतो हेही बाबांना ठाऊक नव्हतं, ते त्या झग्याकडे बघत म्हणाले होते, “कापड चांगलं आहे, परत काऊन द्याचं?” आज पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, माझ्या त्या पदवीच्या मागे भांड्यांवरची हजारो परकी नावं होती. त्या सगळ्या रेखांचे आणि गोदाबाईंचे आभार मानायची रीत असती तर मी मानले असते. पदवीनंतर मी कॉम्प्युटरवर डीटीपी शिकले, एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवू लागले, आणि तिथेच स्क्रीन प्रिंटिंग हाती आलं. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी, जाळीतून रबरी पट्टीने ओढलेली शाई. छापखान्याच्या मालकांच्या ओळखीने पुण्याच्या एका हौशी गृहस्थांचं काम आलं. ते घरात खेळण्यातल्यासारख्या पण अगदी हुबेहूब रेल्वेगाड्या करत. त्यांच्या मालडब्यांवर लिहायला अक्षरं हवी होती. डब्याचा नंबर, रिकाम्या डब्याचं वजन, कारखान्यात परत जायची तारीख. खऱ्या डब्यावर हातभर असणारं हे सगळं त्यांना तांदळाच्या दाण्याएवढं हवं होतं, आणि पांढऱ्या रंगात, कारण डबे काळे-तांबडे.

अशी अक्षरं डब्यावर थेट छापता येत नाहीत. एका बाजूला डिंक लावलेला खास कागद येतो. त्यावर छापायचं, वरून पातळ वार्निश द्यायचं. वार्निश वाळलं की तुकडा कापून पाण्यात टाकायचा. डिंक सुटतो आणि अक्षरांची पापडी कागदावरून सरकते. ती ओली असताना डब्यावर घ्यायची, ब्रशच्या टोकाने जागेवर न्यायची आणि पाणी टिपायचं. सायकलच्या दांड्यावर पूर्वी जी चित्रं असत ती अशीच चढवलेली असायची. या कामातली एकच गोष्ट मला सुरुवातीला भिववायची. तो कागद पांढरा आणि शाईही पांढरी. छापून झालं तरी काय छापलं ते दिसत नाही. कागद उन्हात तिरका धरला तर कुठे थोडी चमक दिसते, एवढंच. आपण काय लिहिलं ते काळ्या डब्यावर चढेपर्यंत कळत नाही.

प्रमिलाबाई आमच्याकडे आल्या त्या छापखान्यात चौकशी करून. नाचणगावच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. एसटीतून उतरून आमच्या घरापर्यंत चालत आल्या, हातात एक पत्र्याची पेटी. कपाळावर मोठी लाल टिकली, अंगावर इस्त्रीची सुती साडी. पेटी उघडली तर आत आमची छोटी गाडी. खरंच आमची. लहानपणी बांधावरून जाताना पाहिलेले तेच बुटके मालडबे, तोच गार्डाचा डबा, मागे छोटा सज्जा असलेला. प्रत्येक डबा वीतभर. पत्रा कापून, झाळून, घासून केलेला. नंबर नाही, एक अक्षर नाही. बिनअक्षरांचे ते डबे अंगणातल्या उजेडात फार मुके दिसत होते.

“माझ्या यजमानांनी केलेत,” त्या म्हणाल्या. “मधुकर ठोंबरे. पुलगावला कारकून होते. अक्षरं तेवढी राहिली.”

बाबा त्या दिवशी घरी होते. सवयीनं त्यांनी विचारलं, “आहेत, का गेले?”

प्रमिलाबाईंनी पेटीचं झाकण मिटलं. बाबांच्या साऱ्या आयुष्यात या प्रश्नाला उत्तर न देणारं हे पहिलं माणूस असावं. आईनं मध्ये पडून त्यांना खाटेवर बसवलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. मधुकरराव एका सकाळी जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडले, छोट्या गाडीच्या रुळाकाठचे खांब मोजायला. गाडी बंद झाली होती, खांब चोरीला जात होते, त्याआधी मापं घ्यायची म्हणून. रोहण्यापर्यंत ते दिसल्याचं लोकांनी सांगितलं. मोजायची टेप याच गावच्या बांधावर सापडली. ते सापडले नाहीत. आता त्याला बारा वर्षं होत होती. बारा वर्षं माणूस परतला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेरवी करतात. धाकट्या दिरांनी भटजींना सांगून ठेवलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा त्याच गोष्टीसाठी जीव अडकला होता. त्या म्हणायच्या, मी आधी गेले आणि तो तिथं बिननावाचा असला तर आमची चुकामूक होईल.

“गाडी पूर्ण झाली की विधीला बसते, असं मी सांगत आले,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आता सासूबाईंकडे बघवत नाही. म्हणून पूर्ण करते आहे. पण एक करा, भाऊ. नंबर वगैरे छापा. प्रत्येक डब्याच्या एका टोकाला मात्र त्यांचं नाव हातानं लिहा. त्यांनी हातानंच लिहिलं असतं. विधी झाल्यावर सगळीकडे त्यांच्या नावाआधी ते अक्षर लागेल. पत्रिकेत, फोटोखाली, शाळेत माझ्या कागदांवर. घरात एका तरी जागी त्यांचं नाव साधं असू द्या.”

“साधं लिहितो,” बाबा म्हणाले. “नुसतं नाव.”

आई खाटेजवळ सरकली. मग म्हणाली, “उंच होते का ते? कानावर पेन्सिल?”

प्रमिलाबाई खाटेवरून उठून उभ्याच राहिल्या. “तुम्ही पाहिलंत?”

“आमच्या दारात पाणी पेले. मीच देल्लं. मी म्हटलं, भाऊ, ऊन लय आहे, बसा जराशेक. म्हणे, नाई बाई, पुढचा खांब मोजून येतो. पाणी गोड आहे म्हणे तुमचं.”

प्रमिलाबाईंनी ते दोनदा म्हणून घेतलं, ‘पुढचा खांब मोजून येतो.’ मग एकदम म्हणाल्या, “कशात दिलं होतं पाणी? ते भांडं आहे का?”

आई आत गेली. मांडणीवर गोदाबाईंचे ग्लास ओळीनं पालथे होते. मी दारातून बघत होते. आईचा हात त्या ओळीपर्यंत गेला, थांबला, आणि तिनं वरच्या फळीवरचा एक कोरा गडवा काढला, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो तिनं बाहेर आणून दिला. प्रमिलाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, कडेवरून बोट फिरवलं, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. बांधावर रूळ वाजत होते. त्या गेल्यावर आई चुलीपाशी बसली ती उठेचना. पिठलं भांड्याला लागलं तरी तिला वास आला नाही.

“तो गोदाबाईत पेला होता पाणी,” ती म्हणाली.

बाबांना राग येत नसे, पण तेव्हा आला. “भांड्यानं माणूस मरत नाई. आपण पेतो ना रोज?”

“आपल्याले सवय आहे. तो वाचून पेला. माह्याकडं पाह्यलं, हासला, अन् पेला.”

“बस झालं. पोरगी बी.कॉम. झाली आपली, अन् तू हे बोलून राह्यली.”

मी नंबर आणि वजनं छापली. त्याला वेळ लागला, पण ते काम माझं होतं, मी कागद पुनःपुन्हा उन्हात धरून तपासलं. नावं बाबांनी लिहिली. सुईची मशीन इथं चालणार नव्हती. चार केसांचा ब्रश, पांढरा रंग, आणि तो पांढरा कागद. ते ओट्यावर पाठमोरे बसले होते. भांड्यावर लिहिताना ते ओठ हलवून अक्षर म्हणायचे, तसे तेव्हाही हलवत होते. मध्येच एकदा मान उचलून बांधाकडे पाहिलं, अगदी आई बघायची तसं, आणि पुन्हा लिहू लागले. आम्हा दोघांपैकी कुणालाच काय लिहिलं ते वाचता येण्यासारखं नव्हतं. मी वार्निश दिलं. वाळल्यावर कागद रिकामा दिसत होता.

नाचणगावला आम्ही दोघं गेलो. अक्षरं चढवणं हे मी किंवा बाबाच करू शकत होतो, आणि त्या दिवशी परत नेलेले डबे पुन्हा एसटीत हलवायला प्रमिलाबाई तयार नव्हत्या. घरात कूलर चालू होता, खसाचा वास होता. बैठकीच्या खोलीत टेबलावर मधुकररावांनी लावलेले रूळ होते, आणि खिडकीजवळच्या पलंगावर सासूबाई. इतक्या वाळलेल्या की चादरीखाली माणूस आहे हे आवाज आल्यावरच कळलं. धाकटे दीर, दिवाकरराव, खुर्चीवर बसले होते. विधी दुसऱ्या दिवशी सकाळी होता. ओसरीवर पळसाची पानं आणून ठेवलेली मी येतानाच पाहिली होती, ओल्या फडक्याखाली.

प्रमिलाबाईंनी आम्हाला पोहे दिले, बाबांना आग्रहानं पुन्हा वाढले. मग बाबांनी परातीत पाणी घेतलं आणि कामाला बसले. एकेक डबा पूर्ण होत गेला. नंबर चढला, वजन चढलं, तारीख चढली, की तो पत्रा खरा डबा व्हायचा. कोपऱ्यात नाव यायचं: ‘मधुकर ठोंबरे, नाचणगाव’. काळ्यावर पांढरं, बारीक, बाबांचं ते गोल अक्षर. प्रमिलाबाई प्रत्येक नाव वाचायच्या. ओठ न हलवता. दिवाकररावही उठून जवळ आले. “दादाचंच अक्षर वाटते,” ते म्हणाले, आणि वाकून ते पुन्हा वाचलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त बारा वर्षांचं ते दार एकदा बंद करायचं होतं.

शेवटी राहिला गार्डाचा डबा. बाबांनी तुकडा पाण्यात सोडला, सुटू दिला, डब्याच्या टोकावर घेतला, आणि ब्रशनं सरळ केला. पाणी टिपलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, म्हणून मी ते प्रमिलाबाईंच्या आधी वाचलं.

‘कै. मधुकर ठोंबरे, नाचणगाव.’

कूलरचं पाणी आत झिरपत होतं तेवढा आवाज. बाबा डब्याकडे बघत राहिले. मी त्यांचं तसं तोंड त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आपल्याच घराच्या दारातून परका माणूस बाहेर येताना दिसावा, तसं.

“पाहा वहिनी,” दिवाकरराव हळूच म्हणाले. “आता याच्याहून स्पष्ट काय पायजे तुमाले?”

“हे मी लिहिलं, साहेब,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या कोणी नाई. उभा जन्म भांड्यावर नावं टाकण्यात गेला माह्या. हाताले सवय आहे. कागदावर दिसत नाई, म्हून हात आपल्या मनानं गेला. याच्यात काही इशारा-बिशारा नाई. चूक आहे. माही.”

“सवय आहे तर बाकीच्या डब्याईवर काऊन नाई लिहिलं?”

बाबांनी ब्रश फडक्याला पुसला. बाकीची नावं पहिली लिहिली, हे शेवटचं, तोवर हात थकला असेल. आईचं बोलणं डोक्यात असेल. त्यांनी मान उचलून बांधाकडे पाहिलं तेव्हा कोणतं नाव चालू होतं, ते मी पाहिलं नव्हतं. मी या गोष्टीला मनाशी पुष्कळ कारणं दिली. प्रत्येक कारण पुरेसं आहे. सगळी मिळून मात्र कमी पडतात.

“का झालं?” पलंगावरून आवाज आला. “काऊन बोलत नाई कोणी? आला का मधू?”

“गाडी झाली, आई,” प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज शाळेत हजेरी घेतात तसा सपाट.

“बाई, ओलं आहे तवरच निघते,” बाबा म्हणाले. “वाळलं का मंग पत्र्यासंगच जाते. तुम्ही सांगा.” कूलरचा वारा थेट टेबलावर येत होता. मी जाऊन त्याचं तोंड फिरवलं. पापडीच्या कडा चमकत होत्या, आणि ती चमक हळूहळू जात होती. दिवाकरराव म्हणाले, “राहू द्या ना, वहिनी. उद्या तर तेच होणार आहे.” प्रमिलाबाई डब्यावर वाकल्या. त्यांनी ते अक्षर वाचलं की नुसतं पाहिलं, सांगता येत नाही. टिकलीशेजारी घामाचा थेंब होता.

“उद्या होईल ते होईल, भाऊजी. मी बसते म्हटलं ना, बसेन,” त्या म्हणाल्या. “पण हे डबे त्यांचे आहेत. इथं नको. काढा, भाऊ.”

मी दाढीची पत्ती दिली. बाबांचा हात भांड्यांच्या बाजारात, गर्दीत, धक्क्यात कधी हलला नव्हता. त्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. त्यांनी कै. आणि मधुकर यांच्यामधल्या रेघेएवढ्या जागेत पत्ती टेकवली. पापडी तुटली. नाव जागेवर राहिलं. ओल्या ब्रशनं त्यांनी ते सुटं अक्षर कडेकडेनं सरकवत डब्याबाहेर काढलं, आणि ते ब्रशच्या टोकाला चिकटून आलं. मुंगीपेक्षा थोडं मोठं. आता ते कुठं ठेवायचं, हे त्यांना कळेना. परातीत बुडवलं असतं तर विरून गेलं असतं, पण ते त्यांच्यानं होईना. जमिनीवर झटकायचं तर तिथं माणसं चालणार. कशालाही न मानणारे माझे बाबा ब्रश तसाच हवेत धरून बसले होते.

“इकडे द्या,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि बोट पुढं केलं.

त्यांनी ते तर्जनीच्या टोकावर घेतलं आणि आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा बोट कोरडं होतं. आम्ही कोणी विचारलं नाही. त्यांनी डबे एकाला एक जोडले, गार्डाचा डबा शेवटी, आणि टेबल उचलून सासूबाईंच्या पलंगाला टेकवायला दिवाकररावांना मदत करायला लावलं. म्हातारीचा हात धरून त्यांनी तो पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत नेला. तिला दिसत नव्हतं. तिची बोटं प्रत्येक डब्याच्या कोपऱ्यात जराशी थांबायची, जणू तिथं वाचायला काही लागतंय. गार्डाच्या डब्यावर ती सगळ्यात जास्त थांबली. मग म्हणाली, “आता करा उद्याचं,” आणि भिंतीकडे तोंड केलं.

विधी झाला. आम्ही त्याला नव्हतो. घरी येताना बाबा एसटीत खिडकीकडे बसले आणि रोहणा येईपर्यंत बाहेरच बघत होते. त्यांनी भांड्यांचं काम सोडलं नाही; पोटाचा धंदा तसा सुटत नाही. पण त्यानंतर डिंकाच्या कागदावर हातानं अक्षर त्यांनी कधी लिहिलं नाही. पांढऱ्यावर पांढरं लिहायचं असलं की सगळं मीच स्क्रीननं करायची, आणि आधी काळ्या शाईत एक प्रत काढून भिंतीला लावायची. ती सवय मला आजही आहे. वर्ध्याच्या माझ्या दोन खोल्यांत आजही देशभरच्या हौशी लोकांची कामं येतात, आणि माझी भिंत काळ्या नंबरांनी भरलेली असते.

पुढे काही महिन्यांनी मी पुलगावला कामासाठी गेले होते, तेव्हा नाचणगावला प्रमिलाबाईंकडे गेले. सासूबाई गेल्या होत्या. गाडी टेबलावर होती, वर धूळ नव्हती. प्रमिलाबाईंचं कपाळ मोकळं होतं, आणि ते मोकळं कपाळ बघायची मला सवय नसल्यामुळे मी त्यांच्या चेहऱ्याऐवजी डब्यांशी बोलत राहिले. त्यांनी मला पाण्याबरोबर गूळ दिला. शाळेतल्या गमती सांगितल्या, हसल्याही. म्हणाल्या, परवा एका पोरानं विचारलं, बाई, ही गाडी कोणाची? मी सांगितलं, माझ्या मिस्टरांची, ते बाहेरगावी असतात. मग त्या हसल्या नाहीत आणि मीही नाही.

निघताना उन्हानं माझी टिकली सुटली होती. “आत आरसा आहे, लावून ये,” त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत भिंतीला एक लांबट आरसा होता. आपण सगळ्याच बायका करतो तसं त्याच्या कडेला जुन्या टिकल्या चिकटवून ठेवलेल्या होत्या, लाल, मोठ्या, काहींना केस लागलेले. त्यांना कोणी हात लावला नव्हता. आणि त्यांच्यापासून दूर, आरशाच्या मधोमध, काचेवर ते बाबांचं पांढरं अक्षर होतं. नीट सपाट, कडा घट्ट बसवलेलं, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता. हे त्या कधी शिकल्या नव्हत्या, पण त्यांनी आमच्याइतकंच चांगलं चढवलं होतं. रोज सकाळी साडी नेसून त्या इथं उभ्या राहत असतील, तर ते कपाळावर बरोबर कुठं येत असेल, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी त्यांच्याहून बुटकी. माझ्या आरशातल्या डोक्याच्या वर, केसांपासून थोडं उंच, ते नुसतं होतं.

मी टिकली लावली. बाहेरून त्यांनी विचारलं, दिसते का गं नीट, उजेड कमी आहे तिथं. दिसते, मी म्हटलं. मी टाचा उचलल्या नाहीत.